नाव ठेवणं

ओहोटी लागायला अजून वीस मिनिटं होती
तरी दोसिंदा पाण्यात उतरलेली,
गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात दाताळं,
शेजारणीसाठी तोंडात एक ताजी शिवी.
गॅलिशियाच्या या खाडीत वाळू म्हणजे
तिसऱ्यांचं शेत. बायका वाफे वाटून घेतात,
भांडतात, वाळू विंचरतात.
मी बादलीभर वाळू मागितली.
तिसऱ्या टाकून वाळू नेणारी, ती म्हणाली,
पहिलीच बघतेय.

वाळूला गुंगीचं पाणी पाजायचं,
दहा मिनिटं थांबायचं,
मग कणांना धरून बसलेले हात सुटतात.
हात नसतातच खरं तर,
नुसता चिकटपणा असतो, हट्टासारखा.
गाळून घ्यायचं रेशमाहून बारीक जाळीतून
आणि मान धरेपर्यंत भिंगात बघायचं.

दोन हिवाळे. सत्तावीस बादल्या.
मग एका मंगळवारी, जेवणाआधी,
दोन कणांच्या फटीतून
काहीतरी पारदर्शक वळलं.
अर्ध्या मिलिमीटरचं.
पुढे जबडा, तुटक्या कंगव्यासारखा,
मागे वाटच नाही,
खाल्लेलं आल्या वाटेनं परत.
मी श्वास रोखला,
काच धुरकटेल म्हणून.

दोसिंदाला दाखवलं.
चष्मा काढून तिनं भिंगाला डोळा लावला.
डोळे आहेत? नाहीत.
तो की ती? दोन्ही.
आधी काय म्हणायचे याला?
काहीच नाही.
मग अडलं होतं का त्याचं काही?

मला उत्तर सुचलं नाही,
म्हणून विचारून टाकलं, तुझं नाव देऊ?

तिनं दाताळ्याच्या दातातलं शेवाळ काढलं,
एक दात, मग दुसरा.
पोर झालं तेव्हा मी एकोणीसची, म्हणाली.
चर्चच्या वहीत बापाच्या रकान्यात
पाद्रीबाबांनी रेघ ओढली, पट्टी लावून, सरळ.
तेव्हापासून गाव मला नावं ठेवतंय.
चाळीस वर्षं झाली, संपत नाहीत त्यांची.
तू एक ठेव. बघू पुरतं का.

लॅटिनमध्ये नावाच्या शेवटी
छोटासा 'ए' लागतो.
अर्थ एवढाच: हिचं.
दुसरा रकाना नसतो.

एक सांगायचं राहून गेलं होतं.
नाव लागलं ते एकट्यालाच,
आणि ते काचपट्टीवर, डिंकात, कपाटात,
क्रमांकासकट.
मेलं? हो.
म्हणजे नाव मेलेल्याला,
आणि जगायचं बाकीच्यांनी बिननावाचं.
बरंय, म्हणाली, आणि ओहोटीकडे निघाली.

तिच्या दाताळ्याच्या एका ओढीत
तिच्या नावाचे किती उलथेपालथे होतात
ते मी मोजलेलं नाही.

संध्याकाळी दारात पिशवी:
दोन किलो तिसऱ्या, स्वच्छ धुतलेल्या.
शेजारी लोणच्याच्या बरणीत, झाकण घट्ट लावून,
धुतल्यावर उरलेली वाळू.