पान एकशे ब्याऐंशी

परभणीत मे महिन्यात दुपारी दीड वाजता
पाटबंधारे उपविभागाच्या आवक-जावक टेबलावर
डबा संपवून मी कादंबरी उघडते.
नगर वाचनालयाची, कव्हर गेलेली,
खाकी कागदात बांधलेली, पाठीवर शाईनं नुसता नंबर.
कूलरमधला वाळा वाळून गेलाय.
पंखा वळतो तेवढ्यापुरती पानं हलतात.

कादंबरीतही ऑफिसच आहे,
पण काचेचं, सतराव्या मजल्यावर.
तिथं एक बाई रोज सकाळी येते
आणि ड्रॉवरमध्ये तिच्याच अक्षरातली चिठ्ठी असते,
जी तिनं लिहिलेली नाही.
गोष्ट तीच सांगते. मी आले, मी घाबरले, मी कुणाला बोलले नाही.
मला तिची फार दया येते.

माझा संशय आधी अकाउंटंटवर.
साठाव्या पानावर तो जिन्यात मरून पडला.
मग गोड बोलणाऱ्या साहेबावर,
मग लिफ्टमधल्या त्या पोरीवर, जी कुणाकडं बघत नाही.
मध्येच मान वर करून मी आमच्याकडं बघते.
गव्हाणे हजेरीपटावर कालची सही आज करतोय.
लोखंडे साहेबांच्या खुर्चीवर रुमाल आहे, साहेब नाहीत.
इथं कोण कुणाचा खून करणार,
ऊन उतरेपर्यंत कुणी उठतसुद्धा नाही.

समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.
अकाउंटंटपाशी : ह्यो न्हाई.
साहेबापाशी : ह्येबी न्हाई.
वाचनालयाचं पुस्तक आहे की शाळेतला फळा?
राग येतो,
आणि मी पुढच्या पानाचा समास आधी वाचते.

सटवाजी चहा ठेवतो, बशीत सांडलेला, नेहमीसारखा.
“म्याडम, एकशे ब्याऐंशीवर आल्या का?”
त्याच्या कानावर पेन्सिल आहे.
एकोणीस वर्षं असणार.
मला आज दिसली.

“तुम्ही वाचता?”
“रातच्याला. हितंच झोपायला असतो, लाईट फुकट.”
टेबलावरचा ओघळ तो फडक्यानं टिपतो.
“पाचवीला सटवाई लिहून जाती म्हणत्यात, तशी ही बुकं.
शेवट आधीच लिहिलेला.
आपुन नुस्तं हळूहळू कपाळ वाचायचं.”
आणि दारातून :
“मी-मी म्हणणाराचं खरं धरू नका.”

एकशे ब्याऐंशी. चिठ्ठ्या बाईच लिहीत होती.
अकाउंटंटला जिन्यातून तिनंच ढकललं,
आणि ते विसरायला तिला सव्वाशे पानं लागली.
इथं समासात अक्षर नाही.
नुसती एक उभी रेघ, चारदा गिरवलेली.

डाव्या कालव्याच्या मोजमापाची एक फाइल
चार वर्षांपूर्वी गहाळ झाली.
कपाटाची किल्ली सटवाजीकडं,
म्हणून खुलासा सटवाजीचा.
तीन महिने निलंबन, एक वेतनवाढ बंद.
चौकशीत माझा जबाब दीड ओळीचा :
‘मी सदर फाइल शिपायाच्या ताब्यात दिली होती.’
सुरुवातच मी-नं.
फाइल माझ्या घरी होती.
रविवारी बेरजा पुऱ्या कराव्यात म्हणून नेलेली,
पोराच्या वह्यांखाली गेली.
हाती लागली तेव्हा आदेश निघून गेला होता.
पुढं ती कुठं ठेवली, ते मला खरंच आठवत नाही.

वरती दयेची एक ओळ आहे.
ती मी खोडणार होते.

पुस्तक उद्या परत द्यायचंय.
मी व्हरांड्यात गेले, म्हटलं, पेन्सिल द्या जरा.
तो रांजणात पाणी ओतत होता.
शेवट कळला का, असं त्यानं विचारलं नाही.
कानावरची काढली, पॅन्टीला पुसली, पुढं केली.
“टोक मोडलंय,” म्हणाला,
“तुमचं तुम्ही काढून घ्या.”