निर्देशक क्रमांक सतरा

एका फॉर्ममागे साठ रुपये मिळतात,
चहा आपापला.
टॅबलेट कंपनीचा, छत्री माझी,
आणि प्रश्न कुठल्याशा कोरड्या खोलीत बसून काढलेले,
एकेचाळीस. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण.
शहर पुरात किती तग धरतं,
ते यातून दशांश चिन्हासकट कळणार आहे.

वच्छला घोडके, वय त्रेपन्न,
पुलाच्या खालच्या अंगाला, नदीकडून तिसरं घर.
पूर्वसूचना किती वेळ आधी मिळते?
चोवीस तास, बारा, सहा, मिळत नाही.
ती म्हणते, "विठ्ठलवाडीला माझी नणंद असते.
तिच्या पायरीला पाणी लागलं की मिस कॉल देते.
एक आला की गाद्या वर.
दोन आले की सासूबाईंना उचलायचं.
तीन अजून कधी आले नाहीत."
पर्यायांत नणंद नव्हती.
मी 'मिळत नाही'वर बोट टेकवलं.

धरणाचं गणित तिला तोंडपाठ.
"पंचवीस हजार म्हणाले की नुसतं बघून यायचं.
पस्तीसला भांडी बांधायची.
पंचेचाळीसला हे बोलायचे बंद होतात."
हे कोपऱ्यात होते, रेडिओ उघडून,
स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीने मांडत.
वर न बघता म्हणाले, "क्युसेक लिहा. नाहीतर लिटर समजतील."

सतरावा प्रश्न: घरात पूररेषेची खूण आहे का?
"होती. मालकानं दोनदा रंग मारला,
तिच्यापायी भाडं पडतं म्हणे.
पण श्रावणात ती आपली आपण वर येते."
आलीच होती. पांढरी, खारट, पापड सुटल्यासारखी,
गणपतीच्या कॅलेंडरमधून आरपार गेलेली.
मी टेप लावली. एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर.
"फरशी नंतर बसवली, बाई. तिची उंची मिळवा."
दोन दिवसांच्या प्रशिक्षणात
हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.
एकशे चौतीस.

शेवटून दुसरा:
आपलं कुटुंब किती लवचिक आहे, असं आपल्याला वाटतं?
"लवचिक म्हणजे?"
म्हणजे वाकायचं, आणि परत होतं तसं व्हायचं.
ती दाराकडे बघत राहिली.
"हे दार पावसात फुगतं, लागत नाही.
मग हे रंधा मारतात.
उन्हाळ्यात मग फट पडते, मांजर येतं.
पुढच्या पावसात पुन्हा फुगतं.
याला किती देता?"

दुपारी बावधन. सोसायटीचं नाव 'निर्झर'.
सेक्रेटरींनी उभ्याउभ्याच फॉर्म उरकला:
जनरेटर आहे, विमा आहे, इशारा मोबाइलवर येतो,
पार्किंगमध्ये दोन पंप, त्यातला एक चालू.
मी विचारलं, निर्झर कुठं होता?
हा प्रश्न यादीत नव्हता, ते म्हणाले, आणि खरंच नव्हता.
चार पूर्णांक दोन.
वच्छलाबाईंचे एक पूर्णांक चार झाले होते,
त्यातला पॉइंट चार रेशनकार्ड प्लॅस्टिकमध्ये ठेवल्याबद्दल.

निघताना तिने विचारलं होतं,
"तुम्ही कुठं राहता?"
अरण्येश्वरला. ओढ्याच्या कडेला.
"म्हणजे तुमचं पाणी कात्रजकडनं येतं.
आमचा नि तुमचा काही संबंध नाही," ती म्हणाली,
"तरी नंबर असू द्या."
यांनी स्क्रूच्याच कागदावर लिहून घेतला,
एक आकडा तेलाच्या डागात गेला, तो पुन्हा विचारला.

अहवाल गेला. पैसे अर्धे आले.
परवा रात्री पावणेतीनला फोन एकदा वाजून थांबला.
मी तिसऱ्या मजल्यावर राहते.
तरी उठले,
गादी गुंडाळून कपाटावर टाकली
आणि उघड्या फरशीवर बसून राहिले,
दुसरा येतो का, ते ऐकत.