केसपेपर

सीपीआरच्या ओपीडीत
पोरसवदा डॉक्टरीणबाई विचारतात,
तंबाखू?
सोडली.
कधी?

शालननं डबी फेकली नव्हती, लपवलीही नव्हती.
समोर बसून चिमूटभर तोंडात टाकली
आणि संध्याकाळपर्यंत ओकत राहिली.
"आता रोज तुमच्यासंगं खाणार," म्हणाली.
एकोणीसशे शहाण्णव, लिहा.

मीठ?
ते मलाही उशिरा कळलं.
पांढऱ्या रश्शातनं तिनं ते
वर्षानुवर्षं असं काढून घेतलं
की जिभेला चोरीचा पत्ता लागला नाही.
परवा कागलला मेव्हण्याकडं जेवलो,
पहिल्याच घोटाला समुद्र.
तिनं मान खाली घातली, हसू दाबत.

चालणं?
रंकाळ्याला एक फेरी.
भांडण असेल तर दोन,
कारण आधी थांबायचं कुणी?

झोप?
घोरतो. ती कोपर मारते,
मी कुशीवर वळतो.
चौतीस वर्षांचा उपचार आहे.

बाई लिहिता लिहिता थांबल्या.
"आणि मावशींचा केसपेपर?"
"मला काय धाड भरलीया," शालन म्हणाली,
पिशवी सावरत उठायला लागली.
"बसा."
पट्टा आवळला, हवा सुटली,
बाईंनी आकडा दोनदा बघितला.

उद्यमनगरात हयात गेली माझी,
दहा हातांवरनं रसाचा रंग बघून
लोखंडाचा ताप सांगायचो.
मशीन नंतर यायचं, माझ्याशी ताडून बघायला.
आणि हे एवढं
एका पाटावर बसून दिसलं नाही.
माझ्या ताटातनं गेलेलं मीठ
तिच्या ताटात लोणच्याच्या फोडी होऊन पडत होतं,
ते रोज बघत होतो की मी.

केएमटीत तिला खिडकी दिली.
गोळ्यांची पाकिटं दोन, दोन्ही माझ्या खिशात.
शिवाजी पूल येईपर्यंत बोलली नाही,
मग म्हणाली, "लोणचं सोडणार न्हाई."
बघू म्हटलं. डबी आठव.

रात्री जागाच होतो.
तिचा श्वास मोजत होतो,
मध्ये जरा थांबला की माझाही थांबे.
तेवढ्यात झोपेतच तिनं कोपर मारलं.

घोरत नव्हतो.
तरी वळलो.