मालक : १०४७

सर्व्हरला नावं कळत नाहीत.
आपण लिहितो रोदेलिओ, तो वाचतो एक हजार सत्तेचाळीस
आणि त्या आकड्याला घर देतो:
चार जीबी, दार आतून लावलेलं.
मालकाला सगळं. गटाला काही नाही. इतरांना काही नाही.

सोहारच्या बंदरामागे आमचं ऑफिस.
बाहेर पंचेचाळीस, काचेला घाम,
आत मी शाल पांघरून बसते.
तीनशे बारा घरं सांभाळते.
कुणाचं भरलंय, कुणाचं कुलूप अडकलंय,
कुणी सुट्टीवर निघाला की विमानतळावरच पासवर्ड विसरतो.
माझ्याकडे सगळ्यांची किल्ली आहे
आणि ती न वापरण्याचा मला पगार मिळतो.

मार्चमध्ये टाइमकीपर रोदेलिओ मागबानुआ गेला.
म्हणजे इलोइलोला, परत.
इथे नुसतं 'गेला' म्हटलं की लोक आधी विचारतात, कशानं?
व्हिसा रद्द, हिशेब चुकता, बॅज माझ्या ड्रॉवरमध्ये.
मी यादीतून नाव काढलं.
घर नव्वद दिवस ठेवायचं असा नियम आहे.
त्याच्या फाइलींपुढे नावाच्या जागी आकडा उरला,
पाटी निघाल्यावर दारात राहिलेल्या दोन स्क्रूंसारखा.

जूनमध्ये टेकेंद्र घर्ती आला, रोल्पाहून.
यंत्रणेनं मोकळा आकडा शोधला आणि त्याला दिला.
काटकसरी आहे ती, कॅम्प बॉससारखी:
खाट मोकळी, खाट भरली,
गादी तीच.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी उभा,
चप्पल बाहेर काढून आलेला, कुणी सांगितलं नसताना.
"मॅडम, शेजारचं एक दार हात लावताच उघडलं.
बाकीची सगळी नाही म्हणतात."
मग, हळू:
"मी आत गेलो नाही. उंबऱ्यावरून नावं वाचली फक्त."

मीही उंबऱ्यावरूनच वाचली.
'आल्थिया सातवी'. 'घराचा नकाशा, नवा'. 'घराचा नकाशा, नवा, स्वस्त'.
आणि खाली बारा फाइली, बारा महिन्यांच्या,
प्रत्येकीचं नाव 'रिअल अवर्स'.

कंपनीच्या वहीतले तास मला माहीत आहेत.
दर महिन्याला त्यांचा बॅकअप मीच घेते.

चूक माझी होती. आकडा पुन्हा द्यायचा नसतो,
हे पहिल्या वर्षीच शिकवतात.
टेकेंद्रला नवा आकडा दिला, जुनं दार ओढून घेतलं,
मालकाच्या रकान्यात आता मी.
नव्वदावा दिवस गुरुवारी आहे.
पुसायची आज्ञा एका ओळीची,
ती मला झोपेतही टाइप करता येते.

एचआरच्या जोखाला फोन केला.
इलोइलोचा नंबर हवाय.
कशाला, तिनं विचारलं.
म्हटलं, त्याचं सामान राहिलंय.