पाच-दहाचा गजर

तळघराला खिडकी नाही.
टेबलावर एक घंटी, एक शिक्का,
लाल चिकटपट्टीचं रीळ,
आणि ‘सही केल्याशिवाय काही हलणार नाही’ अशी पाटी,
माझ्याआधीच्या कारकुनानं रंगवलेली.
तो निवृत्त झाला, वारला. पाटी आहे.

माझ्या डोक्यावर पाच मजले शेरीफचं ऑफिस.
सोळाशे माणसं, तीन तुरुंग,
दोन हेलिकॉप्टरं, त्यातलं एक कायम दुरुस्तीला.
शेरीफ निवडून येतो. लॉबीतला फोटो बदलतो,
खिळा तोच.

मला वरचं फारसं कळत नाही.
जिन्यानं जे खाली उतरतं ते माझं.
गस्तीवरचा हॅल्वरसन आणतो चाकू,
बदामाच्या बागांतून चोरलेली तांब्याची तार,
एकदा झुंजीचा कोंबडा, जिवंत, पायाला पातं बांधलेला.
त्याच्यासाठी रकाना नव्हता. ‘इतर’मध्ये घातला,
रात्रभर आरवला.

दिवाणी शाखेची टिल्डा ओकाम्पो
दारांवर नोटिसा डकवते, घरं रिकामी करून घेते,
मागे राहिलेलं मोजून आणते:
पत्त्यांचे दोन जोड, इन्सुलिनची अर्धी बाटली,
शाळेतला वर्गाचा फोटो, फ्रेमसकट.
त्या दिवशी ती बोलत नाही.
सही करते आणि माझं पेन घेऊन जाते.

तुरुंगातून येतात पट्टे, बुटांच्या नाड्या.
डोंगरात हरवलेल्यांना शोधणारे पगारी नसतात,
एक दंतवैद्य, एक बेकरीवाला, घोड्यावरच्या दोघी बहिणी.
ते एकच बूट आणतात
आणि दुसऱ्यासाठी पुन्हा वर जातात.

आमच्या काउंटीत माणूस कशानं मेला
हे विचारायचं कामही त्याच बिल्ल्याकडे.
ऑगस्टमध्ये सार्जंट व्हँगनं
कालव्यात सापडलेल्याचं सामान आणलं. नाव नाही.
तीन डॉलर वीस सेंट, छाटणीची कात्री,
प्लास्टिकचं मनगटी घड्याळ.
पिशवीत घातलं, पट्टी ओढली,
तारीख, माझी आद्याक्षरं.

पहाटे पाच-दहाला पिशवी वाजली.

वीस वेळा, मग गप्प.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवारीसुद्धा.
सील तोडायला कोर्टाचा हुकूम लागतो,
कोर्टाला नाव लागतं,
आणि नाव व्हँग शोधत होता,
मजुरांच्या छावण्यांत, वकिलातींच्या रांगांत,
पाण्यानं सुरकुतलेल्या बोटांच्या ठशांत.
तोवर घड्याळाला सांगणार कोण
की आता कुणाला उठवायचं नाहीये?

मी पाच-दहाला कॉफी करायला लागले.
रात्रपाळी संपवून हॅल्वरसन दारात थांबायचा,
टोपी काखेत. ‘उठला का?’ विचारायचा.
व्हँग एकदा नुसता ऐकायला आला.
‘मिसेस बारागान, माझे वडील
याच वेळी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांकडे निघायचे,’
एवढंच म्हणाला. जाताना वहीकडे हात नेला,
पण सही कशावर करणार?

निवडणूक झाली. खिळ्यावर नवा चेहरा.
नवे शेरीफ खाली आले, हात मिळवला,
खर्च कुठे कापता येईल, विचारलं.
दुपारची वेळ होती. पिशवी बोलली नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी
ती पहाटेही बोलली नाही.
सेल संपला असणार.
कॉफी तयार होती, हॅल्वरसन दारात होता,
आम्ही दोघं फळीकडे बघत राहिलो,
उशिरा येणाऱ्या बसकडे बघावं तसं.
मग मी वही उघडली, रकाने चाळले.
‘इतर’मध्ये कोंबड्याच्या खाली जागा होती.
लिहिलं: गजर, बंद. तारीख. आद्याक्षरं.

आणि व्हँगच्या घरी फोन लावला.
बराच वेळ वाजला.
पाच-बाराला त्यानं उचलला,
मी काही बोलायच्या आत
घोगऱ्या आवाजात म्हणाला,
‘हो, हो. उठलो.’