उद्या दहाला

चौथ्या लेनवरचं तेल अजून ओलं.
शकूर मिस्त्री गुडघ्यांवर,
मोबाइलच्या उजेडात फळ्यांची रेघ बघतोय.
भाड्याच्या बुटांत मी पावडर टाकते.
सात नंबरचे तीनच जोड आलेत,
खराडीत उद्या तसले पाय कमी यावेत.

बॉल सोडला. नऊ पिना पडल्या,
दहावी डुलली, आणि उभीच.
"राहू दे," शकूर म्हणाला, "गिऱ्हाइकाला ठेव काहीतरी."

माइक तपासायला कुणीच उरलं नव्हतं.
सोजरबाईंनी फडकं खांद्यावर टाकलं
आणि मार्केट यार्डात वीस वर्षं दिलेली
हाक दिली तशीच:
मेथी घ्या, शेपू घ्या, चुकाऽऽ

मशीन जरा गोंधळलं.
मग पडद्यावर गुण: अठ्ठ्याण्णव.

पहिला हप्ता पाच तारखेला.
"अजून एकदा, सोजरबाई,
कोथिंबीर राहिली."