नेचा

मोईनभाई म्हणाले होते, फर्न आहे ताई,
आपला नेचा. सावलीत ठेवा.
वसमत रोडवरच्या या घरात सावली म्हणजे
मोरीच्या दारापासचा हातभर तुकडा,
तीननंतर तोही नाही.

तरी ते वाढलं.
एप्रिल गेला, त्रेचाळीस अंश गेले,
हिरव्या सुयांचं ते झिपरं डोकं
लोंबत लोंबत
कारळीच्या नाकापर्यंत आलं.

(कारळी म्हणजे आमची कुत्री.
नाव रंगावरून. चटणीवरून म्हणा.)

शनिवारी पहाटे तिनं ओकलं.
पिवळा फेस, आणि त्यात दोन लाल मणी.
मला वाटलं, माझी माळ तुटली.
मी पलंगाखाली टॉर्च घेऊन मणी वेचायला वाकले
आणि तिकडं उंबऱ्यावर
ती परत ओकायली.

शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या,
कुत्रं हाय, पाला खायचंच की,
पोट साफ करायलंय, कामून घाबरता?
मी रिक्षा बोलावली.

पशुवैद्यकीयच्या दवाखान्यात आमच्यापुढं
एक म्हैस, एक शेळी करडासकट,
आणि एक पोपट, ज्याला काहीच झालं नव्हतं.
मग डॉक्टर धूतराज. मुलगीच ती, बावीसची असेल,
गमबूट तिच्यापेक्षा मोठे.

काय खाल्लं?
नेचा.
नेच्यानं असं होत नाही सहसा. फोटो आहे?
तिनं फोटो दोन बोटांनी ताणला.
हे मणी बघा. नेच्याला फळ धरत नाही, काकू.
त्याच्या पानामागं तपकिरी टिपके असतात, ओळीनं.
पान उलटून पाहिलंत कधी?

नव्हतं पाहिलं.

मग हे कोण?
शतावरीच्या घरातलं. फर्न हे नुसतं लावलेलं आडनाव.

शतावरी तर मी दुधातून घेतली होती,
ओवीच्या वेळी, सव्वा महिना.
ती वेगळी, म्हणाली, ही वेगळी.
आणि कुत्र्याचं पोट वेगळं.
सुई टोचली. आज उपास, पाणी घोटघोट,
उद्या दहीभात.

संध्याकाळी मोईनभाईंकडं गेले, भांडायलाच.
ते भांडले नाहीत.
खरा नेचा देतो, म्हणाले,
कुत्र्यानं चावला तरी चालेल, पण
तो आपल्या परभणीत टिकत नाही ताई,
मे महिन्यात कागद होतो.
म्हणून तर आम्ही ते दुसरं विकतो.

आणला तरी.
कूलरसमोर आता आम्ही तिघं:
मी, कारळी, आणि स्टुलावर हा,
ओल्या फडक्यात पाय गुंडाळलेला.
शतावरीची ती बाई गच्चीवर, टाकीच्या पाइपाला टांगलेली,
उन्हात मजेत.

कारळीनं याला एकदा हुंगलं, शिंकली,
तोंड फिरवून झोपली.

मी मात्र रोज रात्री
एक पान उलटून पाहते.
अजून टिपका नाही.
कारळी एक डोळा उघडते,
शेपटी एकदाच फरशीवर आपटते,
आणि मी बल्ब जवळ ओढून
परत पाहते.